जादूटोण्याचा धंदा आणि घरभाड्याची चिंता

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकीला घेऊन ब्रिटिश म्युझियमला गेलो होतो. ममी बघून झाल्या, महागडं सँडविच खाऊन झालं, आणि पाय दुखायला लागले म्हणून एक नंबरच्या दालनात जरा टेकलो. तिथे काचेच्या कपाटात एक काळा कुळकुळीत गोल आरसा आहे. ज्वालामुखीच्या काचेसारख्या दगडाचा. हा दगड मेक्सिकोतला, ॲझ्टेक लोकांचा आहे हे २०२१ साली शास्त्रज्ञांनी तपासून नक्की केलं. पण आरसा प्रसिद्ध आहे तो पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या जॉन डी ह्या गृहस्थांचा म्हणून. गणिती, ज्योतिषी, आणि देवदूतांशी बोलायचा प्रयत्न करणारा माणूस.

मी हे सगळं लेकीला रंगवून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण बाबा, त्याला पगार कोण द्यायचं?"

मी ठोकून दिलं, "राणी!" घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की उत्तर चुकलं होतं. राणी पगार द्यायची नाही, हीच तर त्या बिचाऱ्याची आयुष्यभराची तक्रार होती.

मंडळी, मी इतिहासकार नाही. कॉम्प्युटर इंजिनियर, पोटासाठी आयटी कन्सल्टंट. पण हा प्रश्न डोक्यात असा बसला की पुढचे काही महिने मी तेच वाचत सुटलो: सोळाव्या-सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये मंत्र, तंत्र, कुंडली हाच ज्यांचा व्यवसाय होता, त्यांचा महिन्याचा खर्च भागायचा कसा? वाचायला वेळ कसा मिळाला, तेही सांगतो, जरा पुढे.

आधी डीसाहेब. १५५९ साली एलिझाबेथचा राज्याभिषेक १५ जानेवारीला व्हावा हा मुहूर्त काढून दिला तो ह्यांनीच. म्हणजे क्लायंट केवढा मोठा! पण मोठ्या क्लायंटचं दुखणं आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. कौतुक भरपूर, पेमेंट कधी होईल ते विचारायचं नाही. राणी मॉर्टलेकला त्यांच्या घरी येऊन गेली, गोड बोलली, आश्वासनं दिली. डींनी मात्र पुस्तकं घेण्यात पैसा ओतला. त्यांची लायब्ररी त्या काळच्या इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या खाजगी संग्रहांपैकी एक होती.

आणखी अडचण अशी की डींना स्वतःला देवदूत दिसायचे नाहीत. स्फटिकात पाहून कोण काय म्हणतंय ते सांगायला एक माणूस ठेवावा लागायचा. एडवर्ड केली हा त्यांचा, आपल्या भाषेत सांगायचं तर, सबकॉन्ट्रॅक्टर. १५८३ साली दोघं बायकापोरांसह युरोपात गेले, पोलंड, प्राग, बोहेमिया असे राजेरजवाडे धुंडाळत फिरले. पुढे केलीने किमयेने सोनं करून देतो असं सांगून सम्राट दुसऱ्या रुडॉल्फकडे बस्तान बसवलं, 'सर'सुद्धा झाला. मग सम्राटाने डिलिव्हरी मागितली. सोनं काही येईना. केली १५९१ मध्ये तुरुंगात गेला आणि त्यातून कायमचा असा काही सावरलाच नाही.

डी १५८९ मध्ये मॉर्टलेकला परत आले तर घर फोडलेलं, पुस्तकं आणि उपकरणं लंपास. पुढची वर्षं त्यांच्या डायरीत शेजाऱ्यांकडून उसने घेतलेले पैसे आणि गहाण टाकलेली चांदीची भांडी दिसतात. १५९२ साली राणीने दोन अधिकारी चौकशीला पाठवले, तेव्हा म्हाताऱ्याने लायब्ररीत टेबलांवर सगळे कागद मांडून ठेवले होते: ही माझी सेवा, ही पत्रं, हा खर्च. सी.व्ही.च म्हणा ना. त्यातून शेवटी मँचेस्टरच्या एका धर्मसंस्थेचं प्रमुखपद मिळालं, तेही भांडणतंट्याचं आणि तुटपुंज्या उत्पन्नाचं. शेवटी पुस्तकं विकत विकत १६०८-०९च्या सुमारास ते गेले.

आता माझ्या वाचनाच्या वेळेबद्दल. त्याच शरदात कंपनीने आमची अख्खी टीम कमी केली. इथे व्हिसावर असलेल्यांना ह्याचा अर्थ सांगायला नको. होम ऑफिसचं पत्र आलं की साठ दिवस, तेवढ्यात नवीन स्पॉन्सर शोधा नाहीतर सामान बांधा. दिवसभर अर्ज आणि इंटरव्ह्यू, आणि रात्री झोप येत नाही म्हणून हे वाचन. तिकडे साताऱ्यात आईने न सांगता माझी पत्रिका उचलली आणि जोशीकाकांकडे गेली. प्रश्न एकच, "नोकरी कधी लागेल?" दक्षिणा १०१ रुपये. काका म्हणाले, "उशीर आहे, नकार नाही."

मी फोनवर चिडलो. कसली तारीख नाही, कसली कमिटमेंट नाही, आमच्या स्टेटस रिपोर्टमध्ये असलं वाक्य लिहिलं असतं तर मॅनेजरने सोललं असतं. पण खरं सांगू? त्या रात्री झोप लागली. ह्याचं मला आजही जरा ओशाळल्यासारखं होतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात मला सायमन फॉर्मन भेटला.

फॉर्मनचा जन्म १५५२च्या अखेरचा, सॉल्झबरीजवळच्या खेड्यातला. वडील लवकर गेले, किराणा-कापड-औषधं विकणाऱ्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी केली. शिकायची हौस दांडगी, तर ऑक्सफर्डला श्रीमंत विद्यार्थ्यांची हरकामं करत थोडं शिकला. पदवी नाही. मास्तरकी केली, तुरुंगात गेला, आणि १५९०च्या आसपास लंडनमध्ये ज्योतिष आणि औषधोपचार असा जोडधंदा थाटला. १५९२-९३ साली प्लेग आला. मोठमोठे डॉक्टर शहर सोडून पळाले. फॉर्मन राहिला, त्याला स्वतःला प्लेग झाला, त्यातून तो उठला आणि लोकांना औषध देत राहिला. एवढी जाहिरात पुष्कळ झाली. दारात रांग लागली.

आणि पाठोपाठ रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचं बोलावणं! लंडनमध्ये वैद्यकी करायची तर ह्यांचा परवाना हवा. १५९४ साली त्यांनी फॉर्मनची परीक्षा घेतली आणि त्याची उत्तरं ऐकून सगळी मंडळी खो खो हसली, अशी नोंद त्यांनीच ठेवली आहे. दंड पाच पौंड. पुढच्या दोन-तीन वर्षांत पुन्हा बोलावणं, पुन्हा दंड, मधूनमधून तुरुंग. ज्यांना पळून गेलेल्यांनीच परीक्षा घ्यावी, त्यांच्या मनात काय होत असेल!

फॉर्मनने ह्यातून काढलेला मार्ग मला फार ओळखीचा वाटला. आधी तो नदीपलीकडे लॅम्बेथला राहायला गेला, तिथे आर्चबिशपचा दरारा, कॉलेजचा हात पोचायला जड. मग १६०३ साली त्याने केंब्रिज विद्यापीठाकडून वैद्यकीचा परवाना मिळवला. कॉलेजची कटकट तरी संपली नाही, पण आता हातात कागद होता. आमच्यासारख्यांना कागदाची किंमत काय असते ते कळतं.

आता त्याच्या कामाची पद्धत बघा. क्लायंट आला की वहीत लिहायचं: नाव, वय, राहतो कुठे, प्रश्न काय, आणि प्रश्न विचारला ती नेमकी वेळ. त्या वेळेची कुंडली मांडायची आणि त्यावरून उत्तर. म्हणजे आपली प्रश्नकुंडलीच की! त्या वह्यांचे फोटो पाहिले तर चौकोनात त्रिकोण काढून केलेली बारा घरं, थेट आपल्या पत्रिकेसारखी दिसतात. हा निव्वळ योगायोग नाही. युरोपातल्या ज्योतिषांनी ही विद्या अरबी ग्रंथांच्या लॅटिन भाषांतरांतून घेतली. आणि आपल्याकडचं ताजिक ज्योतिष, ज्यावर नीलकंठाने १५८७ साली 'ताजिकनीलकंठी' लिहिली, तेही अरबी-फारसीतूनच आलं. जोशीकाका 'इत्थशाल योग' म्हणतात तो शब्द मूळ अरबी 'इत्तिसाल'. साताऱ्याचे काका आणि लॅम्बेथचा फॉर्मन हे असे लांबचे चुलतभाऊ निघाले.

फॉर्मनच्या १५९६ ते १६०३ मधल्या वह्या टिकल्या आहेत, आणि त्याचा शिष्य रिचर्ड नेपियर ह्याच्या १६३४ पर्यंतच्या. दोघांच्या मिळून सुमारे ऐंशी हजार नोंदी! केंब्रिज विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्या सगळ्याचा डेटाबेस बनवून इंटरनेटवर ठेवला आहे. डेटाबेस म्हटल्यावर माझे हात शिवशिवले, हे सांगायला नको. बहुतेक प्रश्न आजारपणाचे. काय झालंय, बरं होईल का, गरोदर आहे का. त्याच्या जोडीला नवरा समुद्रावरून परत येईल का, लग्न होईल का, चोर कोण, नोकरी मिळेल का. १५९७ साली एमिलिया लॅनियर ही कवयित्री आली ती नवऱ्याच्या बढतीची आशा घेऊन. तो अर्ल ऑफ एसेक्सच्या आरमारी मोहिमेवर गेला होता, सरदारकी मिळेल का हा प्रश्न. (मिळाली नाही.) त्याच वर्षी मेरी माउंटजॉय नावाची बाई पाकिटातून पडलेली अंगठी आणि नाणं विचारायला आली. काही वर्षांनी तिच्याच घरी भाडेकरू म्हणून राहिला विल्यम शेक्सपियर. आणि ह्या फॉर्मननेच १६११ मध्ये ग्लोबमध्ये शेक्सपियरची नाटकं पाहून टिपणं ठेवली. 'विंटर्स टेल' पाहून त्याने स्वतःला बजावलं आहे की गोडबोल्या भामट्यांवर विश्वास ठेवू नये. वाचताना मी मोठ्याने हसलो. बायको जागी झाली.

फॉर्मन त्याच वर्षी सप्टेंबरात नाव वल्हवत थेम्स ओलांडताना वारला. आपण गुरुवारी जाणार हे त्याने रविवारीच बायकोला सांगितलं होतं, अशी गोष्ट पुढे विल्यम लिलीने त्याच्या विधवेकडून ऐकून लिहिली. मागे बाराशे पौंड ठेवले, असंही लिली लिहितो. म्हणजे धंदा जमला होता. नाव मात्र मेल्यावर गेलं. १६१५-१६च्या ओव्हरबरी खून खटल्यात त्याची पत्रं आणि वशीकरणाच्या बाहुल्या कोर्टात दाखवल्या गेल्या. तेवढ्यात प्रेक्षकांच्या मचाणाचं लाकूड कडाडलं आणि सैतानच आला म्हणून पळापळ झाली!

सैतानाची भीती लोकांना. व्यावसायिकाला खरी भीती कायद्याची. १५६३च्या कायद्यात भुतंखेतं बोलावणं म्हणजे फाशी. मंत्राने चोरीचा माल शोधून दिला तर एक वर्ष तुरुंग आणि चार वेळा भर बाजारात खोड्यात उभं राहणं. १६०४ मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. त्याच वर्षी म्हाताऱ्या डींनी नव्या राजाला, जेम्सला, अर्ज केला होता की माझ्यावर खटला तरी भरा, म्हणजे 'सैतान बोलावणारा' हा डाग एकदाचा पुसेल. राजाने लक्ष दिलं नाही. आणि चोरीचा माल शोधणं हीच तर रोजच्या भाकरीची गोष्ट! खेडोपाडी ज्यांना 'कनिंग' लोक म्हणत, म्हणजे जाणते, आपले देवऋषीच, त्यांच्याकडे लोक मुख्यतः त्यासाठी आणि दृष्ट काढायला जात. त्यातले बरेच जण चांभारकी, शेती, शाळामास्तरकी असं दुसरं काहीतरी करत. नुसत्या मंत्रावर चूल पेटत नसे.

ती नीट पेटवली विल्यम लिलीने. माझ्या मते ह्या सगळ्यांत डोकं शाबूत असलेला धंदेवाईक हाच. १६०२चा जन्म, लेस्टरशायरच्या डिझवर्थ गावचा. बाप कर्जात बुडालेला. १६२० साली हा मालवाहू गाडीबरोबर चालत लंडनला आला आणि स्ट्रँडवरच्या एका घरात नोकर म्हणून लागला. पाणी भरणं, बूट पुसणं. मालक वारल्यावर मालकिणीने ह्याच्याशी लग्न केलं. १६३२ साली तो एका दारुड्या वेल्श गुरूकडे सात-आठ आठवडे ज्योतिष शिकला. (आमच्याकडच्या क्रॅश कोर्सपेक्षा बराच लांब.) आणि बायको वारल्यावर हाती आलेल्या पैशातून त्याने स्ट्रँडवरच्या तेरा घरांमधला अर्धा हिस्सा ५३० पौंडांना विकत घेतला! घरभाड्याची चिंता त्याने अशी मिटवली, भाडं देणारा होता तो घेणारा झाला. मगच ज्योतिष.

सुरुवातीला एक प्रोजेक्ट साफ फसलं. १६३४ साली राजाचा घड्याळजी डेव्हिड रॅमसे ह्याला कळलं की वेस्टमिन्स्टर ॲबेच्या ओवऱ्यांत धन पुरलं आहे. तिथल्या डीनने परवानगी दिली, अट एवढीच की सापडलं तर त्यात वाटा. रात्री लिली आणि मंडळी हेझलच्या फांद्या हातात धरून फिरली, रॅमसे तर धन भरायला पोतंच घेऊन आला होता. फांद्या वळल्या तिथे सहा फूट खणलं, एक शवपेटी लागली. हलकी होती म्हणून उघडली नाही. मग एवढं वादळ सुटलं की चर्च कोसळतंय असं वाटलं, मेणबत्त्या विझल्या, सगळे पांढरे फटक. लिलीने अपयशाचं कारण दिलं आहे ते असं: तीसेक बघे जमले होते आणि हसत होते. दोष पद्धतीचा नाही, मीटिंगला माणसं फार! हे कारण मी कामावर अनेकदा ऐकलं आहे. एकदोनदा दिलंही आहे.

नंतर यादवी युद्ध लागलं आणि लिलीचं नशीब उघडलं. माणसं घाबरली की हा धंदा चालतो. १६४४ पासून दरवर्षी त्याचं पंचांग निघू लागलं, १६५९ मध्ये ते तीस हजार प्रती खपत होतं. भरात असताना वर्षाला दोन हजाराच्या आसपास प्रश्न त्याच्याकडे येत. नेहमीची फी अडीच शिलिंग, कुशल गवंडी-सुताराची एक-दोन दिवसांची मजुरी, सरदारांना जास्त. शिष्यांच्या फिया वेगळ्या. १६४७ मध्ये त्याने सगळी विद्या इंग्रजीत लिहून छापली, तोवर ती लॅटिनमध्ये कुलूपबंद होती. पार्लमेंटने शंभर पौंडांचं वार्षिक पेन्शन लावलं, दोनेक वर्षं मिळालं, मग ह्यानेच सोडून दिलं. डीची चूक त्याने केली नाही. एकाच मोठ्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर तो राहिला नाही.

पण जो बोलतो तो सापडतोही. २९ मार्च १६५२च्या ग्रहणाला भयंकर काळोख पसरेल असं त्याने आणि इतर ज्योतिषांनी लिहिलं. लोक कामाला गेले नाहीत, घराबाहेर पडले नाहीत, पैसेवाले शहर सोडून गेले. आणि आकाश जेमतेम मळभ आल्यासारखं झालं. महिनोन् महिने टिंगल. १६५५ साली एका बाईने फिर्याद केली की चोरीचा माल सांगायला ह्याने अडीच शिलिंग घेतले. तोच तो कायदा! ज्युरीने निर्दोष सोडलं. आणि सगळ्यांत कठीण प्रसंग आला तो भाकीत खरं ठरल्यामुळे. १६५१ मध्ये त्याने छापलेल्या एका चित्रात लंडनची रास मानलेली मिथुनाची जोडी आगीत पडताना दाखवली होती. १६६६ मध्ये लंडन खरंच जळलं, आणि ऑक्टोबरात पार्लमेंटच्या समितीने त्याला बोलावलं. तुला आधी कसं कळलं, आग लावणाऱ्यांपैकी तर नाहीस? तेव्हा त्याने काढता पाय घेतला. नेमकं वर्ष मला ठाऊक नव्हतं, तशी खटपटही केली नव्हती, असं सांगून तो सुटला.

उतारवयात तो सरेमधल्या हर्शमला जाऊन शेतीवाडी पाहू लागला, गावच्या आजाऱ्यांना औषध देऊ लागला. आणि १६७० साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, आपल्या मित्राच्या, इलायस ॲशमोलच्या ओळखीने त्याने आर्चबिशपकडून वैद्यकीचा परवाना काढला. फॉर्मनने जन्मभर ज्याच्यासाठी दंड भरले तोच कागद. १६८१ मध्ये तो सुखाने वारला. फॉर्मनच्या वह्या आज ऑक्सफर्डच्या बॉडलियनमध्ये आहेत त्याही ह्याच ॲशमोलने जपल्या म्हणून.

१७३६ साली जुने चेटूकविरोधी कायदे रद्द झाले, आणि नव्या कायद्याने गंमतच केली. आधी गुन्हा होता चेटूक करणं, आता गुन्हा झाला चेटूक येतं असं सांगणं! त्याच्या जागी १९५१ मध्ये खोट्या माध्यमांविरुद्धचा कायदा आला, आणि २००८ मध्ये तोही जाऊन हा विषय ग्राहक संरक्षणाच्या नियमांत गेला. टोस्टर आणि भविष्य एकाच खिडकीवर.

असो. माझी नोकरी एक्केचाळिसाव्या दिवशी लागली. आईच्या मते काकांचं बरोबर आलं, माझ्या मते एकशे बारा अर्जांचं. पेढे द्यायला ह्या जानेवारीत साताऱ्याला काकांकडे गेलो तर ते कॉम्प्युटरसमोर कपाळाला हात लावून बसले होते. पत्रिकेच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स संपलेलं, रिन्यू केलं तरी प्रिंट निघेना, बाहेर ओटीवर चार माणसं खोळंबलेली. "बरं झालं आलास, तू कॉम्प्युटरवाला ना?" म्हणाले. दीड तास गेला. प्रिंटरचा ड्रायव्हर होता. निघताना मी पैशाचं विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही, पण आईला सांगितलं, पुढच्या वेळी दक्षिणा नको.